विमलाबाई आणि नीराची कात्री

बडोद्यात रावपुऱ्यापासून वाडीपर्यंत कुठल्याही मराठी घरात जा, एखादी तरी लेक-सून विमलाबाईंच्या हाताखाली शिकलेली निघायची. बाई रस्त्यानं चालू लागल्या की ओट्यावर बसलेल्या बायका पदर सारखा करून उभ्या राहायच्या. त्यांतल्या कित्येकींना बाईंनी घरी जाऊन, आईबापांशी भांडून शाळेत नेलेलं होतं.

त्यांची स्वतःची सुरुवात मात्र तशी नव्हती. पंधराव्या वर्षी कपाळ पुसून त्या बडोद्याला माहेरी परत आल्या. वडील सरकारात दप्तरदार होते. घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की आता ही मुलगी स्वयंपाकघर सांभाळील, दुपारी वाती वळील, गोधड्यांना टाके घालील. विमला वर्षभर टाके घालत राहिली आणि एक दिवस वडिलांना म्हणाली, "मला शिकायचंय." वडिलांनी तिला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात घातलं. पदराखाली चोपड्या धरून ती जायची, तेव्हा याच ओट्यांवरच्या बायका तोंडं फिरवायच्या. पुढे सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला, गावोगाव मुलींच्या शाळा निघाल्या आणि शिकवायला बायका मिळेनात. विमलाबाई डभोईला गेल्या, पेटलादला गेल्या, आणि केस पिकू लागल्यावर मुख्याध्यापिका होऊन बडोद्याला परतल्या. तोवर वडील गेले होते. दांडिया बाजारातल्या घरात धाकटा भाऊ पद्माकर, वहिनी उषा आणि त्यांची एकुलती एक मुलगी नीरा, अशी तीन माणसं होती. बाई त्यांच्यात चौथ्या झाल्या.

नीराला अक्षरओळख आत्याच्या मांडीवर झाली. पोरगी चुणचुणीत होती. मराठी चौथीपर्यंत तिचा नंबर खाली गेला नाही, आणि बाईंनी मनाशी ठरवून टाकलं की ही बी. ए. होणार. घरातली पहिली. पद्माकरला तर हे आयतंच हवं होतं. तो हुजूर कचेरीत होता आणि त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या हेमचंद्रची मुलगी नुकतीच कॉलेजात जाऊ लागली होती.

पण इंग्रजी शाळेत नीरा अडकली. बीजगणिताचं पान उघडलं की तिच्या चेहऱ्यावरचा उजेड जायचा. पाठ केलेलं उत्तर परीक्षेच्या वर्गात पाय ठेवताच पुसलं जायचं. रडतखडत मॅट्रिकपर्यंत आली आणि तिथे नापास झाली.

निकालाच्या दिवशी पद्माकर, ज्याला नीरा नाना म्हणायची, जेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो नीराशी बोलेनासा झाला. काही विचारायचं असलं की बायकोला विचारायचा, "तिचा अभ्यास झाला का?" नीरा समोर पाट मांडत असली तरी.

विमलाबाईंना वाटलं, मुलगी शिकवणाऱ्यांमुळे मागे पडलीय. त्यांनी सगळं हातात घेतलं. पहाटे बीजगणित, संध्याकाळी इंग्रजी. दुपारी एका मास्तरांकडे शिकवणी. नीराची शिवणाची टोपली, जिच्यात रंगीत दोरे, चिंध्यांच्या बाहुल्यांची पोलकी, आईच्या जुन्या लुगड्यातून बेतलेला एक झंपर असं काय काय होतं, ती बाईंनी स्वतः माळ्यावर टाकली.

"परीक्षा झाली की काढू," त्या म्हणाल्या.

त्यानंतर नीराचं जेवण कमी झालं. चाचणीचा पेपर म्हटलं की अंगात कणकण यायची. नखं कुरतडून बोटांची टोकं लाल झाली होती. उषावहिनी एकदा चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "वन्सं, पोरगी वाळत चाललीय." बाई म्हणाल्या, "अभ्यासानं कुणी मरत नाही, वहिनी. मी नाही का केला?"

असेच काही आठवडे गेले आणि एका दुपारी शिकवणीचे मास्तर शाळेच्या दारात भेटले. म्हणाले, "नीराची तब्येत बरी नाही का? बरेच दिवस आली नाही."

नीरा तर रोज दुपारी वह्या घेऊन बाहेर पडत होती. बाईंनी आपल्या वर्गातल्या मुलींकडे सहज म्हणून चौकशी केली, तेव्हा एक जण म्हणाली, "बाई, मी नीराताईला घडियाळी पोळीच्या गल्लीत पाहिलं. डाहीबेनच्या दादरावर चढत होती."

डाहीबेन ही गुजराती विधवा. नवऱ्यामागे त्याचं दरजीकाम तिनं चालवलं होतं. फक्त बायकांचे कपडे शिवायची, म्हणून वरच्या मजल्यावर बसायची. विमलाबाई तडक पोळीत गेल्या आणि तो अरुंद लाकडी दादर चढल्या. खोलीचं दार उघडं होतं.

नीरा जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. पुढ्यात गुलाबी कापड पसरलेलं, एका हातात खडू. ती कापडाकडे नुसती बघत होती, जणू त्यात कुणी दडलंय आणि ते कुठून बाहेर येईल याचा अंदाज घेत होती. मग तिनं एक लांब वळणदार रेघ ओढली, न थांबता, आणि कात्री घातली. बाईंनी त्या मुलीला लहान असल्यापासून पाहिलं होतं. पण तिचा असा शांत चेहरा शेवटचा कधी पाहिला ते त्यांना आठवेना.

"आवो ने, बेन. बेसो," डाहीबेननं त्यांना पाहिलं आणि पाट पुढे केला.

नीराच्या हातातली कात्री खाली पडली.

"घरी चल," बाई एवढंच म्हणाल्या.

मांडवीच्या गर्दीतून दोघी मुकाट्यानं चालल्या. गर्दी सरल्यावर बाईंना राहवलं नाही. "चोरून? माझ्याशी खोटं बोलून? आणि कशासाठी, तर टाके घालायला! नीरा, मला याच टाक्यांतून बाहेर पडायला सगळ्या गावाचं ऐकून घ्यावं लागलं. बाईच्या जातीला दुसरं काही येत नाही असं म्हणणारी माणसं अजून जिवंत आहेत. त्यांच्या हातात तू कोलीत देणार?"

नीरा थांबली. रस्त्यातच. तिनं मान खाली घातली नाही.

"खोटं बोलले, ते चुकलं. त्याची शिक्षा कर. पण आत्या, तुझ्या हातात लोकांनी सुई दिली आणि तुला पुस्तक हवं होतं. माझ्या हातात तुम्ही सगळे पुस्तक देताय. मला जे हवं ते माळ्यावर आहे. तू तेव्हा जे रडलीस तेच मी रडतेय गं."

बाई चालू लागल्या. घर येईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या रिकाम्या वर्गातच बसून राहिल्या. रागावल्या होत्या, पण आता नीराचा राग राहिला नव्हता. त्यांना वडील आठवत होते. ट्रेनिंग कॉलेजात नाव घातलं त्या दिवशी वडील टांग्यात शेजारी बसून म्हणाले होते, "विमल, खरं सांगू? बाईमाणसाला या चोपड्यांत काय दिसतं ते मला समजत नाही. माझ्या आईला दिसलं नाही, तुझ्या आईला दिसलं नाही. पण तुला दिसतंय ना? मग झालं." लोक वडिलांना सुधारक म्हणत. ते सुधारक वगैरे काही नव्हते, हे विमलाबाईंनाच ठाऊक होतं. त्यांना न समजणाऱ्या गोष्टीमागे ते उभे राहिले होते. आणि आपण? आपल्याला समजतं, आवडतं, तेवढंच आपण मुलींना देत आलो. ते देताना आपला काही कस लागला नाही.

तिन्हीसांजेला त्या घरी आल्या, शिडी लावली आणि माळ्यावरची टोपली काढून नीरापुढे ठेवली.

"एकदा विचारते," त्या म्हणाल्या. "अभ्यास टाळायचा म्हणून हे हवंय, की हे हवंय म्हणून अभ्यास नको?"

नीरानं टोपलीतला झंपर हातात घेतला. "अभ्यास सोपा असता तरी मी डाहीबेनकडे गेले असते."

"मग नीट शिक. अर्धंमुर्धं मला चालणार नाही. ते बीजगणितातही चालत नव्हतं."

पद्माकरला सांगायचं काम बाईंनी स्वतःकडे घेतलं. पण त्याआधीच रविवारी सकाळी त्याचे वरिष्ठ भास्करराव चहाला आले. पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "काय पद्माकर, कन्येची परीक्षा या वेळी तरी पार पडणार ना? विमलाबाईंच्या घरात नापास म्हणजे दिव्याखाली अंधार हो!"

पद्माकरचा चेहरा पडला. "यंदा बसतेय. पास होईलच."

"बसणार नाही," विमलाबाई दारातून म्हणाल्या.

बाई पुढे येऊन बसल्या. "भास्करराव, नीरा शिवणकाम शिकतेय. कापड बेतायला शिकतेय. पुढे त्यातच पोट भरणार आहे."

भास्कररावांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे दरजीण?"

"हो. चांगली दरजीण. वाईट बी. ए. होण्यापेक्षा."

भास्करराव हसले, काहीतरी पुटपुटले आणि लवकरच उठले. ते जिन्याखाली पोचायच्या आत पद्माकर कडाडला, "ताई, माझी अब्रू तू चव्हाट्यावर मांडलीस! माझी मुलगी लोकांच्या अंगाची मापं घेत बसणार? उद्या तिला कोण करून घेईल? आणि तू, सगळ्या बडोद्याच्या मुलींना शिका म्हणून सांगणारी तू, घरच्या मुलीला अडाणी ठेवणार?"

"अडाणी नाही ती. वाचते, लिहिते, हिशेब करते. कुठे फसणार नाही एवढं तिला येतं. पुढचं तिचं तिला निवडू दे. मी मुलींना शिका म्हणते ते त्यांना आपलं आपण ठरवता यावं म्हणून. ठरवल्यावर मीच आडवी आले तर त्या शिकण्याचा काय उपयोग?"

"हे माझ्या नावावर होणार नाही."

"मग माझ्या नावावर होऊ दे."

तेवढ्यात उषावहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. नवऱ्यापुढे त्या सहसा बोलत नसत. "ती काल पोटभर जेवली," त्या म्हणाल्या. "कितीतरी दिवसांनी. तुम्ही बघितलं नाही, मी बघितलं." आणि पुन्हा आत गेल्या.

पद्माकरनं होकार दिला नाही. पण त्यानं नीराला अडवलंही नाही. तो फक्त घडियाळी पोळीचा रस्ता सोडून लहरीपुऱ्याकडून वळसा घालून कचेरीला जाऊ लागला.

नीरानं डाहीबेनकडे काम शिकून घेतलं. म्हातारीची नजर अधू झाली तेव्हा तिनं आपलं मशीन आणि खोली नीराच्या हवाली केली, भाड्याची हमी विमलाबाईंनी घेतली. शाळा सुटली की बाई तिथे जाऊन बसायच्या. काज करायच्या, बटणं लावायच्या. पूर्वी वैतागून घातलेले टाके आता हातांना आठवत होते. मराठी घरांतल्या बायका सुरुवातीला यायला लाजायच्या. दप्तरदारांच्या नातीपुढे माप द्यायला हात कसे पसरायचे? पण मुख्याध्यापिका बाई दारात बसलेल्या दिसल्या की एखादी धीर करून वर चढायची.

मग ते गंगाबाईंचं पोलकं झालं. गंगाबाई लहरीपुऱ्यातल्या जुन्या शिलेदार घराण्यातल्या, संपतरावांच्या पत्नी. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी बनारसी खण आणून दिला होता. नीरानं तो बेतला आणि शिवायला घेताना तिच्या लक्षात आलं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्यात. कापड उरलं नव्हतं. तसला खण बाजारात पुन्हा मिळणारा नव्हता.

विमलाबाई आल्या तेव्हा नीरा मशीनवर डोकं टेकून बसली होती. "नानांना वाटत होतं तेच खरं. मला कशातच गती नाही. मी हे बंद करते."

बाईंना तिच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला. त्यांनी तो आवरला.

"चूक झाली म्हणून कुणी शाळा सोडली तर माझा वर्ग महिन्यात रिकामा होईल," त्या म्हणाल्या. "ऊठ. तोंड धू. गंगाबाईंकडे जायचं."

"तू सांगशील?"

"मी सोबत येईन. बोलायचं तू."

गंगाबाईंचा आवाज खणखणीत होता आणि त्या दिवशी तो रस्त्यापर्यंत ऐकू आला. लग्न तोंडावर आलेलं, मांडवात पाहुणे जमायला लागलेले. "शिकलेल्या घरची म्हणून दिलं तुला! साध्या दरज्याकडे टाकलं असतं तर एव्हाना घालून झालं असतं!" विमलाबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. नीरानं सगळं ऐकून घेतलं. मग खाली बसून दोन्ही तुकडे फरशीवर पसरले.

"काकी, चूक माझीच. शिलाई घेणार नाही. पण एक दाखवू? या बाह्यांचे खांद्याकडचे गोल नव्यानं कापले तर त्या कोपराच्या वर आखूड होतील, पण खाली शालूच्या काठासारखी पट्टी जोडली की तोकड्या दिसणार नाहीत. आवडलं नाही तर तुम्ही म्हणाल तो खण आणून देईन, मुंबईहून मागवावा लागला तरी."

गंगाबाईंनी एक तुकडा उचलून उजेडात धरला. "आखूड बाह्या म्हाताऱ्यांना खपायच्या नाहीत," त्या कुरकुरल्या. मग मुलीला हाक मारली. मुलगी आली, वाकली आणि म्हणाली, "मला चालेल. पट्टी हिरवी लाव."

लग्नात त्या पोलक्याचं कुणी फार कौतुक केलं असं नाही. पण पुढच्या दसऱ्याला गंगाबाई नातीच्या झबल्यांचं कापड घेऊन दादर चढल्या, आणि चढताना दम लागल्याबद्दल दुकान वरच्या मजल्यावर थाटणाऱ्या डाहीबेनला नावं ठेवत राहिल्या.

त्याच सुमाराला शाळांत मुलींना कवायत सुरू झाली. परकर आवरत मुली धावायच्या आणि अडखळून पडायच्या. काही तर त्या दिवशी शाळेतच येईनात. बाईंनी नीराला शाळेत बोलावलं. ती तासभर नुसती मुलींना पळताना बघत बसली आणि मग तिनं गुजरातेतल्या चोरणीसारखा, घोट्यापाशी चुण्या घालून आवळलेला सैल पायजमा आणि वर गुडघ्यापर्यंतचा सदरा शिवून दिला. पहिल्या आठवड्यात पालक तक्रारी घेऊन आले. "मुलींना पुरुषी कपडे?" बाईंनी प्रत्येकाला मैदानाच्या कडेला बसवलं आणि कवायत दाखवली. काहींचं समाधान झालं, काहींनी मुली काढून घेतल्या. काढून घेतलेल्यांच्या घरी बाई पुन्हा गेल्या. तीन मुली परत आल्या. एक कधीच आली नाही, आणि तिचं नाव बाई पुढे कित्येक वर्षं घेत राहिल्या.

पद्माकर दुकानात आला तो बऱ्याच वर्षांनी. पावसाळा संपत आला होता. तो दादर चढून दारात उभा राहिला, छत्री कुठे ठेवावी ते त्याला कळेना. नीरानं स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. तो प्यायला. कापडांच्या घड्या, टांगलेले झंपर, मशीनवर वाकलेल्या शिकाऊ मुली, सगळीकडे त्यानं एकदा नजर फिरवली.

"इथे उजेड कमी आहे," तो म्हणाला. "डोळे जातील."

"हो, नाना. संध्याकाळी त्रास होतो."

तो छत्री उचलून दादर उतरला. पण दोन दिवसांनी एक सुतार आणि एक गवंडी येऊन उभे राहिले. घरमालकाची परवानगी साहेबांनी घेतलीय म्हणाले, आणि पोळीच्या बाजूची भिंत फोडून त्यांनी तिथे खिडकी बसवली. नीरानं बापाला काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा पद्माकरनं तिलाच विचारलं, "वारा येतो का?"

विमलाबाई निवृत्त झाल्यावर दिवसभर दुकानातच असत. नीराचं लग्न ठरलं नव्हतं, आणि ते ठरावं म्हणून ती काम सोडायला तयार नव्हती. बाईंनी तो विषय तिच्यावरच सोडला होता. तिच्या हाताखाली आता पाचसहा मुली शिकत होत्या. त्यांत कुसुमावती नावाची एक होती, वाडीतल्या एका जुन्या शिपाई घराण्यातली. तिचा हात इतका नेमका होता की नीरा नवा खण तिच्याशिवाय कुणाला बेतू देत नसे. पुढेमागे दुकान हिच्यावर टाकता येईल, असं ती आत्याला म्हणायची.

एक दिवस कुसुमावती काम आटोपून उभी राहिली आणि म्हणाली, "नीराताई, मला शिवण नको वाटतं. मला मॅट्रिक व्हायचंय. घरचे म्हणतात, हातात सोनं असताना चोपड्या कशाला?"

"बरोबरच म्हणतात!" नीरा एकदम बोलून गेली. "असा हात शंभरात एखादीला मिळतो. तू तो टाकून बीजगणित करत बसणार? आत्या, तूच सांग हिला."

विमलाबाई बटण लावत होत्या. त्यांनी मान वर केली आणि नीराकडे पाहिलं. नीराच्या हातातला खडू थांबला. मग नीरानं खिडकीपाशी मांडलेलं बेतायचं टेबल ओढून भिंतीला लावलं आणि मोकळ्या झालेल्या उजेडात एक पाट टाकला.

"दुपारी इथे बस," ती म्हणाली. "आत्या शिकवील. घरच्यांशी मी येऊन बोलते."

विमलाबाईंनी दोरा दातानं तोडला आणि कुसुमावतीला म्हणाल्या, "पाटी आहे का तुझ्याकडे? उद्या घेऊन ये. समीकरणांपासून सुरू करू."